दुसऱ्या अंतऱ्याला गाणं अडतंय? घाबरण्यावर ढकलण्याआधी हे तपासा

कोजागरीच्या रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक ताई. दिवसभर युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर, संध्याकाळी घरचं सगळं, आणि त्यातून आठवड्याला दोनदा माझ्या पेटीसमोर तासभर.

"सर, परत तिथंच अडकलं बघा. घरी मस्त येऊलालंय की ओ, तिथं उभारलं की काय होऊलालंय कळंना."

"तिथंच म्हणजे कुठं?"

"दुसऱ्या अंतऱ्याला. पहिलीच ओळ. हळदीकुंकवाला तिथंच, गणपतीत तिथंच, आज पण तिथंच. मी घाबरते, दुसरं काय."

मला हे पटलं नाही. घाबरलेला माणूस कुठंही चुकतो. आज सुरुवातीला, उद्या शेवटी, परवा मध्येच. तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या लोकांसमोर, एकाच ओळीवर तो चुकत नाही. माझे वडील गिरणीत जॉबर होते. कापडात दोष दिसला की आधी त्याची जागा बघायचे. लांबीच्या दिशेनं सरळ रेघ उतरत असेल तर फणी तपासायची. तोच दोष ठरावीक अंतरावर परत परत येत असेल तर फिरणारा एखादा भाग. मशीन आज नाराज आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. गाण्याचंही मी तसंच बघतो. बिघाड जर त्याच जागी परत येत असेल, तर तो तयारीत आहे आणि सापडतो.

गेली तीसेक वर्षं मी पेटीवर साथ करतोय. भजनी मंडळं, भावगीतांचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं आणि आता कराओकेचे ग्रुप. त्या ताईंबरोबर जे केलं ते इथं लिहून ठेवतो, कारण हाच फोन मला वर्षातून दहा वेळा येतो.

आधी चुकीचा पत्ता काढा

गाणं हातानं कागदावर लिहा. छापील प्रत नको, मोबाईलमधला फोटो नको. दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. मग फोन रेकॉर्डिंगला लावून उभं राहायचं आणि गाणं एकदाच, न थांबता, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचं. चुकलं तरी थांबायचं नाही. दिवसातून एकच वेळ, असं तीन दिवस.

चौथ्या दिवशी तिन्ही रेकॉर्डिंग ऐकत कागदावर पेन्सिलीनं खुणा करा. शब्द विसरला तर 'वि', सूर घसरला तर 'सू', तालातून सुटलं तर 'ता', दम पुरला नाही तर 'श्वा'. 'घा' अशी खूण करायची नाही. घाबरण्याला औषध लावता येत नाही, बाकी चारांना येतं.

बहुतेकांचा कागद बघितला की एक गोष्ट लगेच दिसते. खुणा सगळीकडे विखुरलेल्या नसतात, दोन-तीन जागी गर्दी करून बसलेल्या असतात. ताईंच्या कागदावर दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी तीन 'वि', आणि पहिल्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर दोन 'श्वा'. बाकी गाणं स्वच्छ. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यात दुरुस्ती फार तर वीस सेकंदांची, आणि या बाई रोज पूर्ण गाणं दहा-दहा वेळा म्हणत होत्या.

'थांबायचं नाही' हा नियम मी का लावतो? घरी चुकलं की आपण "थांब थांब" म्हणून मागं जातो, ओळ परत घेतो आणि मग पुढं जातो. चूक आणि थांबणं अशी जोडीच त्या सवयीनं पक्की होते. कार्यक्रमात चूक झाली की शरीर सवयीनं थांबतं आणि तबला पुढं निघून जातो.

शब्द त्याच जागी का विसरतात

दुसऱ्या अंतऱ्यालाच का? कारण साधं आहे. पुष्कळ भावगीतांत आणि अभंगांत सगळ्या अंतऱ्यांची चाल एकच असते. मुखड्याला स्वतःची चाल असते, त्यामुळे चाल आठवली की शब्द मागून येतात. पहिला अंतराही येतो, कारण तो सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला असतो. दुसऱ्याला चाल तीच आणि शब्द वेगळे. चालीकडे मागावेत तर ती पहिल्याच अंतऱ्याचे शब्द पुढं करते.

दुसरं कारण मला ताईंच्या घरी गेल्यावर कळलं. सराव मूळ रेकॉर्डिंगबरोबर चालायचा. अंतऱ्याआधीची बासरी संपली की गायिका पहिला शब्द उच्चारणार आणि ताई अर्ध्या मात्रेनं, म्हणजे तालाच्या अर्ध्या ठोक्यानं, मागून तो उचलणार. त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. ऐकताना वाटायचं दोघी एकदम म्हणतायत. कार्यक्रमात ती गायिका नसते, मग तो शब्द देणार कोण?

उपाय कंटाळवाणे आहेत पण लागू पडतात.

मूळ रेकॉर्डिंग ऐका, हवं तितकं ऐका, पण त्याच्याबरोबर गाऊ नका. गाताना नुसता तानपुरा. मोबाईलवर तानपुऱ्याची ॲप फुकट मिळतात.

मग चिठ्ठ्या. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा, तिसरा, आणि जिथं 'वि' पडलाय ती ओळ, अशा पाच चिठ्ठ्या करायच्या आणि डब्यात टाकायच्या. (ताईंनी शेंगा चटणीचा रिकामा डबा घेतला. चिठ्ठ्यांना आठवडाभर लसणाचा वास येत होता.) घरातल्या कुणीही एक चिठ्ठी काढायची, वाचायची, आणि तुम्ही थेट तिथून सुरू करायचं. वरून उतरत यायची परवानगी नाही. पहिल्या दिवशी ताईंना तिसरा अंतरा थेट सुरू करता येईना, मनातल्या मनात मुखड्यापासून घोकत यावं लागायचं. पाठ झालंय असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा साखळी पाठ झालेली असते. मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं.

तिसरी गोष्ट मी सगळ्यांना करायला लावतो आणि सगळे कुरकुर करतात. शब्द चालीशिवाय, कुणाला तरी सांगितल्यासारखे बोलायचे. चाल काढून घेतली की कुठली ओळ अर्थानं लक्षात आहे आणि कुठली नुसत्या आवाजानं, ते उघडं पडतं. ताईंच्या दुसऱ्या अंतऱ्यातल्या एका शब्दाचा अर्थच त्यांना माहीत नव्हता. त्यांच्या घरी कानडी बोलतात, मराठी शाळेतलं. त्यांना आजवर कुणी विचारलंही नव्हतं. अर्थ सांगितला, त्या ओळीतलं चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं आणि ओळ बसली. याच बोलण्यात उच्चारही निघाले. 'चंद्र'मधला च आणि 'चांदणं'मधला च वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला सारखं, म्हणायला नाही. गाताना हे घाईत निसटतं आणि पहिल्या रांगेतल्या आजींना बरोबर खटकतं.

शेवटची परीक्षा हात कामात असताना. भाकरी थापायचीही एक लय असते आणि ती गाण्याच्या लयीशी जुळत नाही. हात एका लयीत, गळा दुसऱ्या लयीत आणि तरी दुसरा अंतरा न अडता आला, तर गाणं आत उतरलंय. ताईंची पहिल्या दिवशी भाकरी करपली. चौथ्या दिवशी भाकरीही फुगली आणि अंतराही आला.

आणि सकाळचा पहिला प्रयत्न मोजा. संध्याकाळी पाच वेळा म्हणून सहाव्यांदा बरोबर आलं याला मी किंमत देत नाही, कार्यक्रमात सहावी वेळ मिळत नाही. सकाळी उठून, चहा झाल्यावर, तयारी न करता एकदम म्हटलं तर किती येतं? तेवढीच खरी तयारी.

वही समोर ठेवावी का? माझं मत, ठेवावी, लाज कसली. पण पूर्ण गाणं नको, प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्द, लांबून दिसतील एवढे मोठे. मोबाईल मात्र नको. स्क्रीन बरोबर त्याच क्षणी काळी होते, नाहीतर सासूबाईंचा फोन येतो.

अडकलंच तर

साथीदार असतील तर मागचीच ओळ परत घ्या. आपल्या संगीतात ओळ दोनदा घेणं हा काही गुन्हा नाही, समोरच्यांना वाटतं रंगात आल्या. परत घेताना पुढचा शब्द बहुतेक वेळा सापडतो. नाहीच सापडला तर मुखड्यावर या, पेटी-तबला तुमच्या मागून येतात, आमचं कामच ते.

कराओकेवर ही सोय नाही. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. तिथं ओळ 'आ'कारात नाहीतर गुणगुणत पार करायची आणि पुढच्या ओळीला शब्द पकडायचा. हेही घरी मुद्दाम करून बघायला लागतं. मधल्या एका ओळीला जाणूनबुजून तोंड मिटा आणि पुढच्या ओळीला नेमके आत या.

सूर: पट्टी तुमची की रेकॉर्डिंगची?

दुसऱ्या नंबरची तक्रार. "वरच्या सुराला आवाज फाटतो, घरी नाही फाटत." घरी फाटत नाही कारण घरी तुम्ही बसून, सावकाश, पाचव्या वेळी गाता. कार्यक्रमात श्वास वरवरचा होतो, आणि घरी जेमतेम पोचणारा सूर तिथं पोचत नाही.

पट्टी म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला तुमचा सा धरायचा ते. ती ठरवायची गाण्यातल्या सगळ्यात वरच्या सुरावरून. तो सूर शोधा, ती ओळ उभं राहून लागोपाठ तीन वेळा म्हणा. तिसऱ्यांदाही चेहरा न आवळता, मान वर न करता आला तर पट्टी तुमची. नाही आला तर खाली या. मग सगळ्यात खालचा सूर ऐकू येतोय का तेही बघा. काही गाणी इतकी पसरलेली असतात की दोन्ही टोकं सांभाळत नाहीत. अशा वेळी गाणं बदलावं, हट्ट करू नये.

ताई काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुराला सा धरून, गात होत्या कारण क्लासमधल्या सगळ्या बायका काळी चारला गातात. मी पेटीवर त्याच्या खालची पांढरी पाच दिली, मग आणखी खालची काळी तीन. काळी तीनला तो तिसऱ्या ओळीचा 'श्वा' आपोआप गेला. जो सूर गाठायला त्या जास्तीची हवा खर्च करत होत्या, तीच ओळीच्या शेवटाला कमी पडत होती. म्हणजे खूण श्वासाची आणि दुरुस्ती पट्टीची. असं बरेचदा होतं, म्हणून एका खुणेवर फार विसंबू नका.

खरा श्वासाचाच प्रश्न असेल तर कागदावर श्वासाच्या जागा ठरवून टिंब द्या. शब्द तोडून श्वास नको. 'मनमो' आणि 'हन' असं ऐकायला कसं वाटतं ते म्हणून बघा.

पट्टी साथीदारांना आधी सांगा, आणि दोन्ही भाषांत सांगा. पेटीवाल्याची काळी एक तीच कीबोर्डवाल्याची सी शार्प. तबलजीला तर आदल्या दिवशीच सांगा. दोन पट्ट्यांचा फरक असेल तर त्याला दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) आणावा लागतो, आयत्या वेळी हातोडी मारून तो कितीसा उतरवणार? आणि जुनी पेटी व कीबोर्ड एकत्र असतील तर दोन्हींचा सा एकदा लावून ऐका. जुन्या पेट्यांचे सूर कीबोर्डच्या हिशेबात असतातच असं नाही, थोडे वरखाली असतात. तेवढ्या फटीत गायक सापडला की "बेसूर कोण" यावरून चहाच्या वेळी भांडण होतं आणि दोष गायकाच्या गळ्यात पडतो.

ताल: पळणं आणि चुकीच्या जागी शिरणं

छाती धडधडत असली की आपल्याला मूळ लय संथ वाटते आणि आपण पळतो. यात काही नवल नाही. इलाज असा की गाणं तीन लयींत तयार ठेवायचं. तुमची नेहमीची, थोडी संथ आणि थोडी जलद. मेट्रोनोम ॲपवर (ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप) नेहमीच्या लयीचा आकडा बघून लिहून ठेवा. मग तबलजीनं चढवलं तरी जीभ अडखळत नाही.

सुरू करण्याआधी मुखडा मनात म्हणू नका. गाण्यातली सगळ्यात दाट शब्दांची ओळ मनात म्हणा, तिला जी लय झेपते तीच साथीदारांना हातानं दाखवा. मुखडा कुठल्याही लयीत गोड लागतो, मग पुढं दाट ओळीला तोंडाला फेस येतो.

शिरायची जागा हा मात्र पूर्ण हिशेबाचा भाग आहे. केरवा ताल आठ मात्रांचा, दादरा सहाचा. अंतऱ्याआधीचा वाद्यांचा तुकडा समजा केरव्याची चार आवर्तनं आहे, म्हणजे ३२ मात्रा. चार बोटं, दर बोटाला एक आवर्तन. करंगळीपासून सुरू केलं की तर्जनी संपली, तुम्ही आत. बासरी कधी थांबते याची वाट बघायची नाही, कारण कार्यक्रमात बासरीवाला नसतो आणि कीबोर्डवाला त्याच्या मनाचं वाजवतो. बरीच गाणी समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी दोन-तीन मात्रांवर उठतात, तर त्या मात्रा शेवटच्या बोटातून वजा करा. रूपक सात मात्रांचा, आणि त्याची सम 'खाली'वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर असते, त्यामुळे ठेक्यात जोरदार 'धा' शोधत बसलात तर हमखास चुकाल. रूपकाचं गाणं पहिल्याच कार्यक्रमाला घेऊ नये असं मी सांगतो. कुणी ऐकत नाही.

हॉल आणि माईक

हे माझ्यावर बेतलेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात अभंग गात होतो. लांबलचक हॉल, पत्र्याचं छत, समोर मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला) नाही. पहिल्या अंतऱ्यापर्यंत ठीक. मग तबलजी माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मला वाटलं तो पळतोय, त्याला वाटलं मी रेंगाळतोय. खरा तोच होता. माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता आणि मी त्याची वाट बघत पुढचा शब्द टाकत होतो.

आकड्यात बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागची भिंत २० मीटरवर असेल तर जाऊन यायला ४० मीटर, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे परत येणारा आवाज पाव मात्रा उशिरा. गाणं मोडायला पाव मात्रा पुरते.

त्यानंतर मी नियम केला. आमच्या सोलापुरातलं हुतात्मा स्मृती मंदिर असो, फडकुले सभागृह असो की कॉलनीतला मांडव, अर्धा तास आधी जाऊन रंगमंचावर उभं राहून एक टाळी वाजवायची आणि परत काय येतं ते ऐकायचं. साऊंडवाल्याला आदरानं सांगायचं, "दादा, मॉनिटरला थोडा तबला आणि माझा आवाज द्या." तिथं 'द्या हो' म्हणायला लाजलात तर पुढची चार मिनिटं अंधारात गाडी चालवायची आहे. मॉनिटर नसेलच तर तबल्याच्या जवळ उभं राहा आणि एक कान हातानं झाकून घ्या. शाहीर कानावर हात ठेवतात तो काही ऐटीसाठी नाही, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून.

शाहिरांवरून आठवलं. आपला जिल्हा बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा, पहाडी आवाजाचं आपल्याला फार कौतुक. पण तो आवाज मैदानासाठी होता. माईक हातात असताना तेवढा जोर लावला की स्पीकर फाटतो आणि साऊंडवाला तुमचा आवाज कमी करतो. मग तुम्ही आणखी जोर लावता. माईक तोंडापासून तीन-चार बोटं, वरच्या सुराला थोडा लांब, खालच्या सुराला जवळ. जाळी मुठीत धरू नका आणि माईकचं तोंड स्पीकरकडे करू नका, दोन्हीनं शिट्टी वाजते.

घरी माईक नाही? लाटणं घ्या, किंवा जड बॅटरी. वायरच्या चांगल्या माईकचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. दुसऱ्या गाण्याला मनगट दुखायला लागतं आणि माईक हळूहळू हनुवटीखाली उतरतो. हे आधी अनुभवलेलं बरं.

कराओकेवाल्यांना एक वेगळी सूचना. ब्लूटूथ स्पीकरवर किंवा ब्लूटूथ इअरफोनवर सराव करत असाल तर तो बंद करा. त्यात आवाज पोचायला उशीर लागतो, रेकॉर्ड करून ऐकलं की तुम्ही मागं पडलेले दिसता. महिनाभर मागून गायची सवय लागते आणि मग वायरच्या सिस्टिमवर गेलं की सगळं विचित्र वाटतं. दहा ठिकाणी विचारत फिरलेल्या एका मुलाचा बिघाड एवढाच होता. वायर लावली, प्रश्न मिटला.

घसा

काळी चारचा मधला सा म्हटला तर स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा उघडझाप करतात. नुसता तेवढा सा चार मिनिटं धरला तरी पन्नास हजारांच्या आसपास. कोरड्या तंतूंना हे सोसत नाही. आणि गंमत म्हणजे रंगमंचावर जाताना प्यायलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, ते अन्ननलिकेतून जातं. तोंड ओलं होतं इतकंच. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्यायचं. सोलापूरचा मे, पारा ४२-४३ च्या घरात, त्यात हे दुप्पट खरं.

आमच्याकडे जानेवारीही सोपा नाही. १२ तारखेला इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, लगेच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, गाण्याचे कार्यक्रम आणि होम मैदानाकडची धूळ एकाच वेळी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि मग घसा बसला म्हणून खडीसाखर चघळतात. वाफ घ्या, त्यानं खरा फरक पडतो. आवाज आठ-पंधरा दिवस बसलेलाच राहिला तर मात्र घरगुती उपाय पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक स्थानिक अडचण म्हणजे सत्कार. पत्रिकेवर सहा, दीपप्रज्वलन सात, मग प्रत्येक पाहुण्याला शाल, श्रीफळ, सोलापुरी चादर, आणि प्रत्येकाचं दोन शब्दांचं वीस मिनिटांचं भाषण. घरून गळा तापवून गेलात तर साडेआठला तो परत थंड. म्हणून पाच मिनिटांची तयारी खिशात ठेवा. ओठ मिटून हुंकार, खालून वर, वरून खाली. मग अर्ध्या बाटली पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' करत बुडबुडे काढायचे. बघणारे हसतात, पण जोर न लावता गळा मोकळा होतो आणि विंगेत आवाजही होत नाही.

उरलेली धडधड

एवढं सगळं करूनही पाय थरथरतातच. माझेही थरथरतात. वर गेल्यावर आधी श्वास पूर्ण सोडा, मग आत घ्या. बरेच जण भरलेल्या छातीतच आणखी भरायला जातात आणि पहिल्याच ओळीला घुसमटतात. सरावही त्याच वेषात एकदा करा. साडी नेसून, उभ्यानं, चपला काढून. आणि पायऱ्या चढत जा. आधी शेजारच्या काकू, मग एकादशीचं भजन, मग कॉलनीचा गणपती. थेट चारशे माणसांसमोर नको.

ताईंचं पुढं काय झालं? महिनाभर चिठ्ठ्या, भाकरी, काळी तीन. मग एका भजनी मंडळाच्या कार्यक्रमात तेच गाणं. मी साथीला नव्हतो, मुद्दामच. रात्री दहाला फोन.

"सर, चुकलं."

माझ्या पोटात गोळा आला. "परत तिथंच?"

"नाही ओ. दुसरा अंतरा फस्क्लास गेला. ह्या टायमाला पहिल्या अंतऱ्यात एक शब्द गिळला." आणि त्या हसायला लागल्या. मागून त्यांची मुलगी ओरडत होती, "मम्मी, कागद आण, खूण करायची राहिलीय."